विषाणू, प्रतिकारशक्ती आणि त्वचा

त्वचारोगांची वर्गवारी करताना विषाणूजन्य रोग आणि प्रतिकारयंत्रणेच्या बिघाडाचे रोग यांचे दोन वेगळे कप्पे करण्याची पद्धत जुनी आहे. चामखीळ, नागीण, कांजिण्या, मोलस्कम हे पहिल्या कप्प्यात. कोड, चाई, सोरायसिस, पेम्फिगस हे दुसऱ्यात. पहिल्या गटात बाहेरून आलेला विषाणू शरीराच्या पहाऱ्याला चकवतो. दुसऱ्या गटात पहारा स्वतःच्याच पेशींवर उलटतो. गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनाने या दोन गटांमधली भिंत बरीचशी पाडली आहे. विषाणूला रोखणारे रेणू आणि निरोगी त्वचेची नासधूस करणारे रेणू बहुतांशी एकच आहेत. म्हणून एका गटाच्या औषधाने दुसऱ्या गटाचा धोका वाढतो, आणि एका गटातल्या रुग्णाच्या अभ्यासातून दुसऱ्या गटावरचा उपचार सापडतो.

त्वचेतील पहारा

प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिचा वरचा थर मुख्यतः केराटिनोसाइट पेशींचा असतो. या पेशींत विषाणूचा डीएनए किंवा आरएनए ओळखणारे ग्राहक रेणू असतात. धोका जाणवताच त्या इंटरफेरॉन सोडतात आणि शेजारच्या पेशी सावध होतात. हा प्रतिकाराचा पहिला, उपजत टप्पा.

दुसऱ्या टप्प्याची सुरुवात लांगरहान्स पेशींपासून होते. १८६८ मध्ये बर्लिनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेत असलेल्या पॉल लांगरहान्सने सोन्याच्या क्षाराने त्वचेचे काप रंगवले, तेव्हा त्याला फांद्या फुटल्यासारख्या पेशी दिसल्या. त्याने त्या मज्जासंस्थेच्या मानल्या. त्या प्रतिकारयंत्रणेचा भाग आहेत हे स्पष्ट व्हायला शंभरावर वर्षे गेली. या पेशी परक्या प्रथिनाचे तुकडे उचलून लसिकाग्रंथीत नेतात आणि टी पेशींना दाखवतात. याच कुळातल्या डेंड्रायटिक पेशी १९७३ मध्ये ओळखणाऱ्या राल्फ स्टाइनमन यांना २०११ चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

तिसरा टप्पा स्मृतीचा. पूर्वी समज असा होता की टी पेशी रक्तात फिरतात आणि गरज पडल्यास त्वचेत उतरतात. २००६ मध्ये बोस्टनमधील रेचल क्लार्क आणि थॉमस कपर यांच्या गटाने दाखवले की निरोगी त्वचेतच सुमारे २० अब्ज टी पेशी असतात, म्हणजे रक्तातल्या टी पेशींच्या जवळजवळ दुप्पट. त्यांतल्या अनेक पेशी एकदा त्वचेत उतरल्या की परत जात नाहीत. विषाणू पुन्हा त्याच जागी डोके वर काढतो तेव्हा याच निवासी स्मृतिपेशी त्याला आवरतात. सोरायसिसचा चट्टा बरा होऊन पुन्हा नेमक्या त्याच जागी उमटतो किंवा कोडाचा भरत आलेला डाग उपचार थांबताच पुन्हा पांढरा पडतो, त्यामागेही याच पेशी असतात.

चामखीळ: दुर्लक्षित राहण्याची कला

चामखीळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे, म्हणजे एचपीव्हीमुळे, होते. इटलीतील जुझेप्पे चुफो यांनी १९०७ मध्ये चामखिळीचा अर्क पेशी अडवणाऱ्या गाळणीतून गाळून स्वतःला टोचून घेतला. त्या जागी चामखीळ उगवली आणि कारण जिवाणूंपेक्षाही बारीक आहे हे ठरले. आज या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. प्रकार १ तळपायाला, २, २७ आणि ५७ हातांना, ३ आणि १० चेहऱ्यावरच्या चपट्या चामखिळींना, ६ आणि ११ जननेंद्रियांवरच्या चामखिळींना कारणीभूत होतात. १६ आणि १८ हे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी जोडलेले आहेत. तो संबंध दाखवणारे हाराल्ड त्सुर हाउझेन २००८ चे नोबेल मानकरी ठरले.

तळपायाची चामखीळ आणि कुरूप यांत नेहमी गल्लत होते. वरचा जाड थर ब्लेडने हलकेच खरवडला की चामखिळीत काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना चामखिळीची मुळे समजतात. प्रत्यक्षात ती रक्त गोठलेल्या केशवाहिन्यांची टोके असतात. तळव्यावरच्या रेषा चामखिळीपाशी तुटतात, कुरुपावरून त्या अखंड जातात. कुरूप वरून सरळ दाबले की दुखते, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की अधिक दुखते.

हा विषाणू वर्षानुवर्षे टिकतो याचे कारण त्याच्या जीवनक्रमात आहे. बारीकशा खरचटलेल्या जागेतून तो त्वचेच्या सर्वांत खालच्या पेशीत शिरतो. तिथे तो आपल्या मोजक्याच प्रती काढतो. पेशी वर सरकत परिपक्व होत जाते तसतसे त्याचे उत्पादन वाढते, आणि पूर्ण तयार झालेले विषाणू बाहेर पडतात ते आधीच मेलेल्या, कोंड्यासारख्या झडणाऱ्या पेशींबरोबर. तो रक्तात उतरत नाही, जिवंत पेशी फोडत नाही, त्यामुळे दाह होत नाही. शिवाय त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिने पेशीची इंटरफेरॉन यंत्रणा मंद करतात. लांगरहान्स पेशींना उचलून न्यायला फारसे काही सापडतच नाही.

कधीतरी मात्र प्रतिकारयंत्रणेला जाग येते. लहान मुलांतल्या सुमारे दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात, आणि जाताना पुष्कळदा सगळ्या एकदम जातात. घोड्याच्या केसाने बांधण्यापासून दृष्ट काढण्यापर्यंतच्या घरगुती उपायांना येणाऱ्या यशाचा मोठा वाटा याच नैसर्गिक मुक्तीचा असतो.

ज्यांच्यात ही जाग येतच नाही अशा रुग्णांनी संशोधनाला दिशा दिली. १९२२ मध्ये लेवांडोव्स्की आणि लुट्झ यांनी एपिडर्मोडिस्प्लेशिया व्हेरुसिफॉर्मिस या आनुवंशिक आजाराचे वर्णन केले. यात लहानपणापासून अंगभर चपट्या चामखिळी येतात आणि पुढे उन्हाला उघड्या पडणाऱ्या जागी त्यांतून कर्करोग उद्भवतो. वॉर्सातील त्वचारोगतज्ज्ञ स्तेफानिया याब्वोन्स्का आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील जेरार ऑर्थ यांनी १९७० च्या दशकात या रुग्णांत एचपीव्ही ५ हा प्रकार शोधून त्याचा त्वचेच्या कर्करोगाशी संबंध दाखवला. २००२ मध्ये या आजारामागची एव्हर१ आणि एव्हर२ ही जनुके सापडली. त्यांचे काम केराटिनोसाइटच्या आतच चालते. म्हणजे या रुग्णांत टी पेशी मुळात ठीक असतात. बिघाड त्वचेच्या पेशीच्या स्वतःच्या बचावात असतो.

याच्या उलट उदाहरण २०२१ मध्ये पुढे आले. हातापायांवर झाडाच्या सालीसारखी शिंगाडी वाढ झालेल्या एका रुग्णात आणि त्याच्या इराणी कुटुंबातील नातेवाइकांत टी पेशींवरचा सीडी२८ हा रेणू जन्मतःच नसल्याचे आढळले. या रेणूशिवाय टी पेशींना पूर्ण चालना मिळत नाही असे पाठ्यपुस्तके सांगत आली होती. तरीही ही माणसे इतर संसर्गांना बऱ्यापैकी तोंड देत होती. त्यांना जड गेला तो मुख्यतः त्वचेतला एचपीव्ही. एका विषाणूविरुद्धचा प्रतिकार एका विशिष्ट कडीवर किती अवलंबून असू शकतो, हे या कुटुंबाने दाखवले.

उपचारही दोन वाटांनी चालतात. सॅलिसिलिक आम्ल, द्रवरूप नायट्रोजन, विद्युत्दहन किंवा लेसर यांनी चामखीळ नष्ट करणे ही पहिली वाट. दुसरी वाट पहाऱ्याचे लक्ष वेधण्याची. १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इमिक्विमॉड मलम टीएलआर७ या ग्राहकाला चालना देऊन इंटरफेरॉन निर्माण करवते. गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर लस, कॅन्डिडा बुरशीचा प्रतिजन किंवा क्षयाच्या चाचणीतले पीपीडी चामखिळीतच टोचण्याची पद्धतही रूढ झाली आहे. शरीराला आधीपासून ओळखीच्या असलेल्या या पदार्थांकडे टी पेशी धावून येतात आणि तिथे दडलेला विषाणूही त्यांच्या नजरेस पडतो. एकाच चामखिळीत सुई दिल्यावर दूरच्या, हातही न लावलेल्या चामखिळीही गळून पडल्याची नोंद अनेक अभ्यासांत आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत जी. पी. तलवार यांच्या पुढाकाराने कुष्ठरोगासाठी विकसित झालेली एमडब्ल्यू लस भारतीय त्वचारोगतज्ज्ञ याच कामासाठी वापरत आले आहेत. या पद्धतींवरचे बरेचसे अभ्यास लहान आहेत आणि मात्रा, अंतर याबाबत एकवाक्यता नाही. तरीही अनेक आणि हट्टी चामखिळी असलेल्या रुग्णासाठी ही वाट आता नेहमीची झाली आहे.

मोलस्कम कंटेजिओझम हा मुलांत दिसणारा, मध्यभागी खळगा असलेल्या मोत्यासारख्या पुटकुळ्यांचा आजार देवीच्या कुळातल्या विषाणूमुळे होतो. १९९६ मध्ये त्याच्या जनुकांची संपूर्ण मांडणी वाचली गेली, तेव्हा प्रतिकारयंत्रणेचे निरोप मध्येच अडवणारी प्रथिने तयार करण्याची जनुके त्यात आढळली. पुटकुळ्यांभोवती अचानक लाली आणि सूज आली की पालक जंतुसंसर्गाच्या भीतीने प्रतिजैविके मागतात. बहुतेक वेळा ते पहारा जागा झाल्याचे आणि पुटकुळ्या लवकरच जाणार असल्याचे लक्षण असते.

नागीण: आत दबा धरून बसलेला विषाणू

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा व्हॅरिसेला-झोस्टर विषाणू शरीर सोडत नाही. तो मज्जारज्जूलगतच्या संवेदी मज्जापेशींच्या गाठींत दडून राहतो आणि दशकांनंतर एका मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर उतरतो. हा दुवा पुढे आणण्यात सिरेनसेस्टर या इंग्लंडमधल्या लहान गावचे डॉक्टर एडगर होप-सिम्पसन यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी आपल्याच दवाखान्यात १६ वर्षे नोंदी ठेवल्या, नागिणीचे १९२ रुग्ण अभ्यासले आणि १९६५ मध्ये निष्कर्ष मांडला: नागीण बाहेरून येत नाही, दडलेल्या विषाणूवरची प्रतिकारयंत्रणेची पकड ढिली पडली की ती उद्भवते. वय वाढते तसे तिचे प्रमाण का वाढते, याचे उत्तर त्यातून मिळाले.

नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत महाराष्ट्रात घट्ट रुजलेली आहे. शरीररचना तिला आधार देत नाही. प्रत्येक संवेदी मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूचा पट्टा सांभाळतो, म्हणून पुरळ मध्यरेषेपाशी थांबते आणि वेढा पूर्ण होत नाही. क्वचित दोन्ही बाजूंना किंवा अंगभर पसरलेली नागीण दिसते. तेव्हा धोका वेढ्याचा नसतो, तर एवढे पसरू देणाऱ्या खचलेल्या प्रतिकारशक्तीचा असतो. तरुण माणसाला तीव्र किंवा पुन्हा पुन्हा नागीण झाली तर एचआयव्हीची तपासणी सुचवली जाते ती यामुळेच. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर त्याच मज्जातंतूची शाखा डोळ्यात जात असल्याने नेत्रतज्ज्ञाकडे तातडीने जावे लागते.

उपचाराचा पाया गर्ट्रूड एलियन यांच्या गटाने घातला. त्यांच्या प्रयोगशाळेतून आलेले असायक्लोव्हिर हे औषध विषाणूच्या स्वतःच्याच विकराकडून कार्यान्वित होते, त्यामुळे निरोगी पेशींना त्याची झळ कमी बसते. एलियन १९८८ च्या नोबेलच्या मानकरी होत्या. हे औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू केले तर लाभ सर्वाधिक. गेरू लावण्यात आणि नागीण उतरवून घेण्यात नेमका हाच वेळ जातो. पुरळ वाळल्यानंतरही महिनोन्‌महिने राहणारी मज्जावेदना हा वृद्धांना सर्वांत हैराण करणारा भाग असतो.

प्रतिबंधाचा इतिहास जपानपासून सुरू होतो. मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये ओका या दुर्बल केलेल्या विषाणूपासून कांजिण्यांची लस तयार केली. त्याच विषाणूची तीव्र मात्रा असलेली नागिणीची लस अमेरिकेत २००६ मध्ये आली. साठीपुढच्या लोकांत तिने नागिणीचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटवले. जिवंत विषाणू असल्याने प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांना, म्हणजे ज्यांना तिची सर्वाधिक गरज त्यांनाच, ती देता येत नव्हती. २०१७ मध्ये मान्यता मिळालेल्या शिंग्रिक्समध्ये विषाणूचे केवळ एक प्रथिन आहे. त्याच्या जोडीला चिलीतील क्विलाया झाडाच्या सालीपासून मिळणारा घटक असलेले प्रतिकार-उत्तेजक मिश्रण असते. पन्नाशीपुढच्या लोकांतल्या मोठ्या चाचणीत तिची परिणामकारकता ९७ टक्के भरली. २०२३ पासून ती भारतात मिळते. किंमत मात्र बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे.

पहारा उलटतो तेव्हा

पेम्फिगस या आजारात त्वचेवर आणि तोंडात सैल फोड येऊन फुटतात व त्वचा सोलवटून निघते. स्टेरॉइड येण्यापूर्वी तो बहुतेक वेळा प्राणघातक ठरे. १९६४ मध्ये अमेरिकेतील बफेलो येथे अर्न्स्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच त्वचेला चिकटणारी प्रतिपिंडे दाखवली. १९९१ मध्ये मासायुकी अमागाई आणि जॉन स्टॅनली यांनी त्या प्रतिपिंडांचे लक्ष्य ओळखले: केराटिनोसाइटना एकमेकींशी बांधून ठेवणारे डेस्मोग्लीन ३. बंध सुटतो, पेशी अलग होतात आणि मधल्या जागेत पाणी भरते.

या रोगावरच्या उपचारात भारताचा वाटा ठळक आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत जे. एस. पसरिचा यांनी १९८० च्या दशकात डेक्सामेथासोन आणि सायक्लोफॉस्फामाइड यांच्या महिन्याच्या अंतराने दिल्या जाणाऱ्या शिरेतील मात्रांची पद्धत बसवली. रोजच्या मोठ्या स्टेरॉइड मात्रेने होणारी हानी त्यातून कमी झाली आणि देशभरच्या सरकारी रुग्णालयांत ही पद्धत रुळली. पुढे प्रतिपिंडांचा उगम असलेल्या बी पेशी काढून टाकणारे रिटुक्सिमॅब आले. २०१७ च्या फ्रेंच चाचणीत ते आणि अल्पकाळ स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधाविना रोगमुक्त होते. केवळ स्टेरॉइड घेतलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते.

कोडात मारा प्रतिपिंडांपेक्षा टी पेशींचा असतो. सीडी८ टी पेशी रंग बनवणाऱ्या मेलॅनोसाइटना मारतात आणि गॅमा इंटरफेरॉन सोडतात. त्या निरोपावरून केराटिनोसाइट सीएक्ससीएल१० हे रसायन सोडतात आणि त्याच्या मागावर आणखी टी पेशी येतात. विषाणूने ग्रासलेली पेशी शोधून मारण्याची हीच नेहमीची पद्धत. इथे विषाणू मात्र नसतो. गॅमा इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत जेएके विकरांमार्फत पोचतो. ते अडवणाऱ्या रुक्सोलिटिनिब मलमाला अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये कोडासाठी मान्यता मिळाली. चाचण्यांत २४ आठवड्यांनी सुमारे ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरील डागांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक सुधारणा दिसली. बावचीच्या बिया आणि ऊन यांचा भारतातला जुना वापर हा प्रकाशोपचाराचा पूर्वज आहे. बावचीतले सोरालेन पुढे पुवा उपचारात आले, आणि आता बहुतेक ठिकाणी त्याची जागा अरुंद पट्ट्याच्या अतिनील ब किरणांनी घेतली आहे.

कोड संसर्गजन्य नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही. तरी ‘श्वेतकुष्ठ’ या नावाने दोहोंची गाठ पडली आणि लग्न जमवताना ती आजही आडवी येते. पुण्यातील श्वेता असोसिएशन या विषयावर अनेक वर्षे काम करते आहे आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ या चित्रपटाने हा प्रश्न मराठी घरांपर्यंत नेला.

चाईत हाच मारा केसांच्या मुळांवर होतो. जेएके अडवणारे बॅरिसिटिनिब जून २०२२ मध्ये अमेरिकेत तीव्र चाईसाठी मान्य झाले; चार मिलिग्रॅमच्या रोजच्या मात्रेने ३६ आठवड्यांत साधारण एक तृतीयांश रुग्णांचे डोके बहुतांशी केसांनी भरले. सोरायसिसमध्ये निरोपांची साखळी आयएल-२३ आणि आयएल-१७ यांची असते. ती तोडणाऱ्या प्रतिपिंड-औषधांनी तीव्र सोरायसिसचे चित्र पालटले. वेगळ्या वाटेने काम करणारे, भारतात विकसित झालेले इटोलिझुमॅब २०१३ मध्ये इथे मान्य झाले.

सीमेवरचे आजार

दोन्ही गटांचा गुंता सर्वांत स्पष्ट दिसतो तो सीमेवरच्या आजारांत. इसब झालेल्या मुलाच्या त्वचेत प्रतिकाराचा कल ॲलर्जीकडे झुकलेला असतो आणि विषाणूविरोधी बाजू लंगडी पडते. अशा मुलाला ओठावर फोड आलेल्या मोठ्या माणसाने मुका घेतला तर हर्पीसचा विषाणू काही दिवसांत चेहराभर पसरू शकतो. मोरित्झ कापोसी यांनी १८८७ मध्ये वर्णिलेले हे चित्र आजही तातडीच्या उपचाराचे मानले जाते. गंमत अशी की ॲलर्जीचा निरोप अडवणारे डुपिलुमॅब घेणाऱ्यांत हा संसर्ग कमी दिसतो. इथे प्रतिकारयंत्रणेची एक बाजू दाबल्याने दुसरी सावरते.

एरिथेमा मल्टिफॉर्मीत विषाणू ओठावर असतो आणि गोल, लक्ष्यासारखे चट्टे हातापायांवर उमटतात. हर्पीसच्या डीएनएचे तुकडे तिथे पोचतात आणि टी पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. म्हणून वारंवार होणाऱ्या या आजारावर असायक्लोव्हिर दीर्घकाळ देतात. फेपऱ्याच्या काही औषधांनी होणाऱ्या ड्रेस या गंभीर प्रतिक्रियेत पुरळ उठल्यावर दोन-तीन आठवड्यांनी एचएचव्ही-६ हा दडलेला विषाणू जागा होतो, हे जपानी संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवले.

थायलंड आणि तैवानमधील काही प्रौढांत पसरलेले जिवाणूसंसर्ग आणि नागीण असे जोडचित्र दिसत होते. २०१२ मध्ये कारण सापडले: त्यांच्या शरीरात गॅमा इंटरफेरॉनविरुद्धच प्रतिपिंडे होती. स्वयंप्रतिकार रोग आणि प्रतिकारहीनता इथे एकाच रुग्णात, एकाच कारणाने, एकत्र येतात. एचआयव्हीनेही असाच पेच टाकला. सीडी४ पेशी घटल्या की मोलस्कम आणि चामखिळी फोफावतात हे समजण्यासारखे आहे. पण टी पेशींचा रोग असलेला सोरायसिसही याच रुग्णांत बळावतो. विषाणूविरोधी औषधांनी पेशी सावरू लागल्या की पहिल्या काही महिन्यांत नागीण उद्भवू शकते.

विषाणू आणि त्वचेचे कर्करोग

एड्सच्या साथीत तरुणांत दिसू लागलेल्या कापोसी सार्कोमामागचा विषाणू युआन चांग आणि पॅट्रिक मूर या दांपत्याने १९९४ मध्ये शोधला. २००८ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेने मर्केल पेशींच्या कर्करोगातला पॉलिओमा विषाणू शोधला. टी पेशींवरचा लगाम सैल करणारे एव्हेलुमॅब २०१७ मध्ये या कर्करोगासाठी मान्य झाले. असे लगाम सोडणारी औषधे मेलॅनोमाच्या रुग्णाला दिली की काहींच्या अंगावर कोडासारखे डाग उमटतात, आणि अशा रुग्णांत औषध अधिक चांगले लागू पडलेले दिसते. कर्करोगपेशी मारणाऱ्या टी पेशी निरोगी मेलॅनोसाइटनाही सोडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

निदानाची साधने

दोन्ही गटांचा सांधा दाखवणारी सर्वांत स्वस्त चाचणी १९४७ मध्ये आर्नो त्झांक यांनी लोकप्रिय केली. ताज्या फोडाचे छप्पर उघडायचे, तळ बोथट पात्याने खरवडायचा, तो काचेवर पसरून जिम्सा रंगाने रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. अनेक केंद्रके एकमेकांत घुसलेल्या राक्षसी पेशी दिसल्या तर रोग हर्पीस किंवा नागिणीचा. एकएकट्या, गोलसर, मोठ्या केंद्रकाच्या आणि कडेला गडद रंगलेल्या पेशी दिसल्या तर संशय पेम्फिगसचा. वीस-पंचवीस मिनिटांत हाती येणारा हा अंदाज तालुक्याच्या दवाखान्यातही शक्य असतो. खात्रीसाठी विषाणूची पीसीआर किंवा त्वचेच्या तुकड्यावरची प्रतिदीप्ती चाचणी लागते. तीत पेम्फिगसची प्रतिपिंडे पेशींभोवती हिरव्या जाळीसारखी उजळतात.

उपचारांचा तोल

या सर्व ज्ञानाचा रोजच्या व्यवहारातला अर्थ तोल सांभाळण्याचा आहे. इमिक्विमॉडने चामखीळ जाते, पण सोरायसिसची प्रवृत्ती असलेल्यात सोरायसिस उफाळू शकतो. उंदरात सोरायसिस निर्माण करण्यासाठी प्रयोगशाळांत आज हेच मलम वापरतात. जेएके अडवणाऱ्या गोळ्यांनी चाई भरते, पण नागिणीचा धोका वाढतो. टीएनएफ हा दाहाचा निरोप अडवणाऱ्या औषधांनी दडलेला क्षय उलटू शकतो, आणि क्षय घरोघरी भेटणाऱ्या देशात ही बाब किरकोळ नाही. रिटुक्सिमॅबपूर्वी हिपॅटायटिस बी तपासला नाही तर तो विषाणू यकृतावर झडप घालू शकतो. भारतात जेएके अडवणाऱ्या टोफॅसिटिनिबसारख्या गोळ्या तुलनेने स्वस्तात मिळतात; म्हणून या पूर्वतपासण्यांना फाटा देण्याचा मोहही इथे अधिक आहे.

लसीकरणाचा आधार या तोलाला सर्वांत भक्कम ठरतो. ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींसाठी एचपीव्ही लसीची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. २०११ पर्यंत २१ वर्षांखालील तरुणींत जननेंद्रियांच्या चामखिळींचे निदान ९० टक्क्यांहून अधिक घटले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांविरुद्ध आहे. भारतात तिला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ६ आणि ११ हेही त्यात असल्याने तिच्याकडून कर्करोगाबरोबर या चामखिळींनाही आळा बसण्याची अपेक्षा रास्त आहे.

बाजारात ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी काढे-गोळ्यांची रांग या आढाव्यात बसत नाही, कारण शक्ती वाढवणे हे अशा रोगांचे उत्तरच नव्हे. चामखिळीत तिला जागे करायचे असते, कोडात आवरायचे असते आणि इसबात तिचा कल बदलायचा असतो. प्रतिकारशक्ती दाबणारे कोणतेही औषध सुरू होण्यापूर्वी क्षय, हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही यांची तपासणी आणि शक्य त्या लशी पूर्ण करून घ्याव्यात. अंगाच्या एकाच बाजूला दुखरे पुरळ उठले तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे जावे.